पाचव्या दिवसाचा ठिपका

तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टर्समागच्या गल्लीत रेणूला 'कॅलेंडरवाल्या अक्का' म्हणतात. नव्यानं लग्न झालेल्या पोरी, दोन लेकरांवर थांबायचं म्हणणाऱ्या बाया, आणि ज्यांची कूस अजून उजवलेली नाही अशाही, सगळ्या तिच्या ओट्यावर येऊन बसतात. पिशवीतून गुंडाळलेलं कॅलेंडर काढतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "अक्का, आमचे दिवस सांगा." रेणू सांगते. मराठीत सांगते, तेलुगूत सांगते, आणि दखनीत तर अशी सांगते की लाजणारी बाईही हसायला लागते. तिला स्वतःला मूलबाळ नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. एखादी नवीन राहायला आलेली बाई पाठीमागे म्हणतेच, की बाईच्या स्वतःच्या घरात अंधार आणि लोकांना दिवे वाटते. ते फिरून रेणूच्या कानावर येतं. ती रागावत नाही. बाई खोटं बोलत नसते, फक्त हा दिवा रेणूच्या हाती कसा आला आणि किती उशिरा आला, ते तिला माहीत नसतं.

रेणूचं लग्न एकोणनव्वद साली झालं, सत्ताविसाव्या वर्षी. उदगीरकडचं शेतकऱ्याचं घर, आई लवकर गेलेली, पाठची तीन भावंडं मार्गी लावता लावता थोरलीचं राहून गेलं. शेवटी हैदराबादचं स्थळ आलं. सासरे हणमंतराव रेल्वेत नोकरीला होते, ते वारून चार वर्षं झाली होती. घरात सासू जयवंताबाई आणि एकुलता एक मुलगा युवराज. जयवंताबाईंनी चाळीस वर्षं हैदराबादेत काढली होती, पण बोली, चूल आणि सोवळं-ओवळं तिन्ही गोष्टी उदगीरहून आणल्या तशा जपल्या होत्या. युवराज बेगम बाजारात भांड्यांच्या एका ठोक दुकानात कामाला होता. उंच, अबोल आणि बायकोवर जीव टाकणारा. संध्याकाळी बसमधून उतरला की गल्लीच्या तोंडापासूनच ओट्याकडे बघत यायचा. उशिरा मिळालं पण चांगलं मिळालं, असं रेणूनं धाकट्या बहिणीला पत्रात लिहिलं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात ते गेलंही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक वर्ष जाऊ द्या. ते वर्ष गेलं तेवढ्यात देशाचे दरवाजे उघडले म्हणे. कुणाच्या दारातून काय आत आलं ते ज्याचं त्याला माहीत. रेणूच्या दारातून युवराज बाहेर गेला. कपडे धुण्याची यंत्रं विकणारी नवी कंपनी शहरात आली होती, तिला बोलण्यापेक्षा ऐकून घेणारा माणूस हवा होता. युवराजनं टाय बांधायला शिकून घेतलं, चाकांची बॅग घेतली आणि टूरवर निघाला. वरंगल, खम्मम, विजयवाडा, गुंटूर. महिन्यातले पंधरा दिवस घरात दोन बायका आणि एक रिकामी खाट.

रेणू पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या गडबडीत होत्या. बाहेर वीस बायका बसलेल्या. त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला अठ्ठावीस चौकोनांची एक रांग काढली, दहाव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या चौकोनांभोवती एक मोठं वर्तुळ ओढलं आणि म्हणाल्या, "हर महीने इन दिनों में हस्बंड घर पे होना. बस." रेणूनं ती चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. घरी येताना बसमध्ये तिनं ती तीनदा उघडून बघितली. इतकी सोपी गोष्ट आपल्याला कुणीच कशी सांगितली नाही, याचं तिला नवल वाटत होतं.

आता ती रांग कुठून मोजायची? हा प्रश्न रेणूला पडलाच नाही, आणि सगळं तिथंच बिनसलं.

जयवंताबाईंच्या घरात बाईला कावळा शिवला की ती चार दिवस बाहेरची. दोन खोल्यांच्या घरात बाहेर म्हणजे तरी कुठं, तर मागच्या दारापाशी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. त्या चार दिवसांत देवाला शिवायचं नाही, आणि देवघराच्या भिंतीवर लटकणाऱ्या कॅलेंडरलाही नाही, कारण त्याच्यावर गणपती होता. जयवंताबाई त्या दिवसांत सुनेला कामाला हात लावू देत नसत, गरम भाकरी पुढ्यात आणून ठेवत. त्यांच्या परीनं ती माया होती. पाचव्या दिवशी पहाटे रेणू डोक्यावरून न्हायची. पहिला तांब्या सासू ओतायची. मग जयवंताबाई ओल्या बोटानं करंड्यातलं कुंकू घेऊन कॅलेंडरच्या त्या तारखेवर ठिपका ठेवायच्या. पुढच्या महिन्यात कुठला सण मध्ये येतो ते आधी कळावं म्हणून. मागच्या चार दिवसांवर खूण करायचं त्यांच्या मनातही कधी आलं नाही. ते दिवस घराच्या लेखी नव्हतेच. बाई नव्हती, दिवस नव्हते. महिना सुरू व्हायचा तो न्हाण्यापासून.

रेणूही त्याच घडणीची. माहेरीही तेच बघितलेलं. तिनं डॉक्टरीणबाईंची रांग सासूच्या ठिपक्यावर नेऊन ठेवली. ठिपका एक, दुसरा दिवस दोन, आणि असं करत दहा ते सोळा. युवराजला तिनं सगळं नीट समजावलं. टूरचा कार्यक्रम त्याचा त्यालाच आखून पाठवावा लागे, एवढी सोय होती. ठिपका पडला की दुसऱ्या दिवशी तो बॅग उचलायचा आणि नवव्या दिवशी संध्याकाळी परत यायचा. जाताना त्याचा पाय निघायचा नाही. दारात उभा राहून उगीच बॅगचं चाक बघत बसायचा.

"एक दिवस उशिरा गेलो तर?" तो म्हणायचा.

"जाऊन या हो आताच," रेणू म्हणायची. "आपल्या दिवसांना घरी असलं म्हणजे झालं. तोवर अंग राखून राहायचं."

तीच त्याचे सदरे इस्त्री करायची. तीच डब्यात लोणचं भरायची. चार वर्षं तिनं त्याला दर महिन्याला असं हातानं वाटेला लावलं.

तो गेला की दोन-तीन दिवसांनी तिच्या जिवाची तगमग व्हायची. त्या दिवसांत तो फार आठवायचा. खाटेवर त्याची उशी होती तिच्यावर ती डोकं ठेवून पडायची आणि मग कुणी बघेल म्हणून उठायची. त्याच सुमाराला तिच्या अंगावरून जायचं. चिकट, पाण्यासारखं स्वच्छ, बोटांत धरलं तर एकतारी पाकासारखं तार धरणारं. तिला वाटायचं, हे दुखणं. जयवंताबाईंनाही तसंच वाटायचं. त्या तांदळाच्या धुवणात खडीसाखर घालून तिला पाजायच्या. चार दिवसांत ते थांबायचं. मग युवराज यायचा. रेणू मनात म्हणायची, बरं झालं, दुखणं संपल्यावर आले.

वर्षामागून वर्षं गेली. दर पंचविसाव्या दिवशी ती पुन्हा चटईवर जाऊन बसायची. जयवंताबाई भाकरी आणून ठेवायच्या आणि जरा वेळ तिथंच दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या. एका जानेवारीत युवराजबरोबर नामपल्लीच्या नुमाइशला, त्या मोठ्या प्रदर्शनाला, गेली असताना रेणूनं काश्मिरी लोकांच्या दुकानातून तान्ह्या बाळाची लोकरी टोपी घेतली. पिवळी, कानावर गोंडे असलेली. "कुणाला?" युवराजनं विचारलं. "ठेवू," ती म्हणाली. टोपी ट्रंकेत तळाशी गेली.

शेजारी गीता राहायला आली ती त्याच काळात. नांदेडकडची बौद्ध मंडळी. नवरा अनिरुद्ध युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कामाला, सासू केसरबाई, मोठा मुलगा मिलिंद आणि त्याच्या पाठचा उमाजी, आजोबांचं नाव ठेवलेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि घरभर पुस्तकं. जयवंताबाई पहिली दोन वर्षं त्या घरचा चहा "आत्ताच झाला बाई" म्हणून टाळत राहिल्या, आणि त्यांचा चहा कधी झालेला नसतो हे गीताला पक्कं माहीत होतं. पण रेणूचं आणि तिचं जमलं. गीताच्या घरात चार दिवसांचा विटाळ वगैरे काही नव्हता. केसरबाईंनीच तो तरुणपणी झटकून टाकला होता.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात गीता ओट्यावर येऊन बसली. "अक्का, दोन झाले. आता नक्को. गोळ्यांनी मला चक्कर येते, तांबीनं परेशान झाले, ऑपरेशनची भीती वाटते. तुमच्याकडे ते दिवसांचं काहीतरी आहे म्हणतात?"

"माझ्याकडे आहे ते लेकरू व्हावं म्हणून आहे गं."

"मग उलटं करू की. तुम्ही ज्या दिवसांत भाऊजींना बोलावता, त्या दिवसांत मी ह्यांना हॉलमध्ये झोपवते."

रेणू हसली. जे दिवस आपण देवापाशी मागून घेतो ते ही बाई टाळणार. पण तिनं सांगितलं. न्हाल्यापासून दहावा ते सोळावा.

"मी तर रोजच न्हाते," गीता म्हणाली. "कुठलं न्हाणं धरू?"

रेणूनं क्षणभर विचार केला. "पाचवा धर. पाचव्या दिवसाला एक म्हण."

तर अशा रीतीनं ज्या घरानं तो विटाळ कधीच सोडून दिला होता, त्या घरात तो रेणूच्या हातून कॅलेंडरवाटे परत गेला. अनिरुद्धनं ते काम हाती घेतलं. तारखेच्या बाबतीत त्याच्याशी कुणी वाद घालू नये. लायब्ररीत पुस्तक परत करायच्या तारखा शिक्क्यानं मारण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. त्यानं घरच्या कॅलेंडरवर निळ्या शाईनं सात-सात फुल्या मारल्या आणि त्या फुल्या पाळल्या. काही महिने, पुरतं वर्षभर, सगळं सुरळीत चाललं.

आणि शहाण्णवच्या दिवाळीनंतर एके दुपारी गीता धुण्याची बादली तशीच टाकून रेणूच्या घरात शिरली. "अक्का! तुमच्या कॅलेंडरनं माझं वाटोळं केलं बघा."

"काय झालं?"

"काय व्हायचं? दिवस गेले."

रेणूच्या हातात निवडायची मेथी होती. ती तशीच राहिली. "एखादा दिवस चुकवला असशील."

"ह्यांच्या राज्यात? एक फुली चुकू देतील होय ते? मिलिंदला ताप होता त्या दिवशी मी घाबरून ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं, तर म्हणाले, गीता, आज चौदावा." गीता रडता रडता हसायला लागली. "सात दिवस साधूसारखे राहतात आणि बाकीच्या दिवसांत मग... जाऊ द्या. बाकीच्याच दिवसांत झालं हे, दुसरं कशात होणार?"

गीता गेली. बादली भरून नळ वाहत होता म्हणून गेली. रेणू मेथीसमोर बसून राहिली.

बाकीच्याच दिवसांत झालं.

ती उठून गीताच्या घरी गेली, भिंतीवरचं कॅलेंडर मागून आणलं आणि आपल्या कॅलेंडरशेजारी चटईवर पसरलं. तिकडे निळ्या फुल्या, इकडे कुंकवाचे ठिपके. गीतानं जे दिवस टाळले ते हिनं जपले होते. गीतानं जे मोकळे सोडले त्या दिवसांत हिनं नवऱ्याला बॅग भरून वाटेला लावलं होतं. आणि लेकरू राहिलं ते गीताला. रेणू अडाणी नव्हती. दहावीपर्यंत शिकली होती, भावंडांचे अभ्यास घेतले होते. दोन कॅलेंडरं शेजारी ठेवल्यावर उरलेलं कळायला तिला फार वेळ लागला नाही. मोजणी खरी होती की नव्हती हे विचारायला आता डॉक्टरीणबाईंच्या गर्दीत जायचं तिला धैर्य नव्हतं.

गीतानंच सांगितलं, की तारनाक्यापलीकडे नन लोकांचा एक छोटा दवाखाना आहे, तिथं एक मल्याळी सिस्टर बायकांना हेच शिकवते, औषधाशिवाय, ऑपरेशनशिवाय. रेणू गेली. सिस्टर म्हाताऱ्या होत्या, हिंदी मोडकं होतं, पण घाई मुळीच नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "महीने के बीच में कभी गीला लगता है? धागा जैसा?"

"वो तो मेरी बीमारी है," रेणू म्हणाली. "हर महीने होती."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "कब?"

"सर नहाने के बाद. तीन-चार रोज में."

मग त्यांनी हळूहळू समजावलं. दिवस मोजायचे ते रक्त दिसलं त्या दिवसापासून, न्हाल्यापासून नाही. तुझा महिना पंचवीस दिवसांचा, म्हणजे बीज लवकर सुटतं, अकराव्या-बाराव्या दिवशी. आणि ती तार म्हणजे दुखणं नाही. शरीर त्या दिवसांत दार उघडून बसतं आणि सांगतं, आता. तुला दर महिन्याला सांगत होतं. तू भिंतीकडे बघत होतीस.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण हसून म्हणतो. रेणूला तिथल्या बाकावरून उठवेना. तांदळाचं धुवण तिला आठवलं. त्याची उशी आठवली. त्या दिवसांत जीव कासावीस व्हायचा तो का, ते आता कळलं, आणि कळल्यावर जास्तच लागलं. अंग त्याला हाका मारत होतं आणि ती अंगाला औषध देत होती.

त्या महिन्यात तिला कावळा शिवला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. जयवंताबाई देवापुढे फुलं वाहत होत्या. रेणू सरळ देवघरात गेली, करंडा उघडला, बोट बुडवलं आणि गणपतीच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या तारखेवर ठिपका ठेवला.

"अगं! काय करलालीस?" जयवंताबाईंच्या हातातली फुलं पडली. "शिवलीस सगळ्याला. डोकं फिरलं का तुझं?"

"आत्याबाई, बसा," रेणू म्हणाली. आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. ठिपका, रांग, धुवण, टूर, गीताच्या फुल्या. सांगताना तिला त्यांना दुखवायचं नव्हतं, पण गाळण्यासारखंही काही नव्हतं.

जयवंताबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. बराच वेळ आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत राहिल्या. "म्हंजी माझ्या बोटानं..." त्या म्हणाल्या. रेणूनं त्यांचा हात धरला. आठ वर्षांत त्या चार दिवसांपैकी एका दिवशी ती त्यांना पहिल्यांदाच शिवत होती, आणि जयवंताबाईंनी हात काढून घेतला नाही. थोड्या वेळानं त्या उठल्या, डोळे पुसले, कॅलेंडरजवळ गेल्या आणि चष्मा वर करून बघितलं.

"बारीक लावलास," त्या म्हणाल्या. "दिसायचा न्हाई. मोठा लाव."

युवराज तेव्हा विजयवाड्यात होता. सातव्या दिवशी रेणू कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेली. मागं चार माणसं रांगेत, काचेचं दार नीट लागत नव्हतं. लॉजवाल्यानं युवराजला बोलावून आणलं.

"काय झालं? माय बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. तुम्ही या."

"अजून सहा दिवस आहेत गं. तूच तर म्हणालीस..."

"मी काय म्हणाले ते विसरा. आजच निघा."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. जयवंताबाई आपण होऊन गीताकडे जाऊन बसल्या. त्या घरात त्या पहिल्यांदाच बसल्या आणि चहाही घेतला. रेणूनं माळ्यावरून जुनी कॅलेंडरं काढली. देवाचं चित्र म्हणून जयवंताबाई कधी टाकत नसत, त्यामुळे चारही वर्षांची होती. युवराजनं आपल्या टूरच्या डायऱ्या काढल्या. ठिपक्याच्या मागं चार दिवस जाऊन रेणू महिन्याचा खरा आरंभ दाखवायची, तिथून मोजून आठवा, नववा, दहावा, अकरावा; आणि युवराज डायरीत बघून त्या दिवशीचं गाव वाचायचा.

"खम्मम," तो म्हणाला. "गुंटूर. वरंगल. खम्मम. विजयवाडा. विजयवाडा."

एका वर्षापुरतं वाचून झाल्यावर त्यानं डायरी मिटली. "मला जायचं नसायचं गं," तो म्हणाला. "दर वेळी जायचं नसायचं."

"माहीत आहे मला."

"तू म्हणायचीस म्हणून जायचो."

"हो," रेणू म्हणाली. तिला त्याची क्षमा मागायची होती, पण तोंडातून एवढंच निघालं. तो उठून तिच्याजवळ येऊन बसला. त्या दिवशी दोघांनी जेवण केलं नाही, आणि जयवंताबाईंनी संध्याकाळपर्यंत दार वाजवलं नाही.

त्यानंतरची पाच वर्षं युवराज त्या दिवसांना घरी होता. साहेब ओरडले, त्याची बढती दुसऱ्याला गेली, पण त्यानं टूर हलवली नाही. चटई मागच्या दारातून उठली. ठिपका पहिल्या दिवशी पडायला लागला, आणि पुढं पुढं तर जयवंताबाईच सकाळी विचारायच्या, "आलं का गं?" आणि आलं म्हटलं की स्वतःच मोठा ठिपका लावायच्या. लावताना त्यांचा चेहरा पडायचा. आलं याचा अर्थ त्यांनाही कळत होता.

लेकरू झालं नाही. सिस्टरनी आधीच सांगितलं होतं, की मी दिवस सांगू शकते, वचन देऊ शकत नाही. चौतीस आणि तिशी यांत फरक पडतो हेही सांगितलं होतं. त्या चार वर्षांत झालं असतं का? कुणालाच सांगता येणार नाही. कधी रेणूला वाटतं, नसतंच झालं, आणि मग तिला जरा हलकं वाटतं. कधी वाटतं, पहिल्याच महिन्यात झालं असतं, तो आता अमुक वर्षांचा असता. तेव्हा मात्र ती हातातलं काम टाकून ओट्यावर जाऊन बसते आणि वाटेनं येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत राहते.

बायकांना शिकवायला तिनं याच काळात सुरुवात केली. आधी सिस्टरच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा, मग ओट्यावर. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तुमच्यात पाचव्या दिवशी न्हातात का? न्हात असतील तर ती त्यांच्या कॅलेंडरवर चार घरं मागं जाऊन स्वतः खूण करून देते, आणि त्यांच्याकडून तीनदा वदवून घेते.

गीतानं आठ दिवस विचार केला आणि ते लेकरू ठेवलं. सत्त्याण्णवच्या जुलैत मुलगी झाली. अनिरुद्धनं कुठल्याशा ग्रंथातून नाव काढलं, उत्पला. बारशाला जयवंताबाईंनी तिला मांडीवर घेतलं ते तासभर खाली ठेवलं नाही. रेणूनं ट्रंक उघडून पिवळी टोपी काढली. भर पावसाळ्यात, दमट उकाड्यात, लोकरीची टोपी. गीतानं ती बाळाच्या डोक्याला घातली आणि फोटो काढून मगच काढली.

जयवंताबाई दोन हजार तीन साली गेल्या. पुढच्याच वर्षी युवराजची कंपनी परदेशी कंपनीनं घेतली आणि जुन्या माणसांना निरोप दिला. त्यानं घराच्या पुढच्या खोलीत यंत्रदुरुस्तीचं छोटं दुकान मांडलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी रेणूचे ठिपके लांब लांब जायला लागले आणि मग थांबले. करंडा देवघरात तसाच राहिला.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात एका सकाळी गीता उत्पलाला घेऊन आली. पोरगी अकरा वर्षांची, इंग्रजी शाळेत जाणारी, मराठी बोलायची पण वाचताना अडखळायची. हातात नवं कॅलेंडर होतं. ती गीताच्या मागं लपत होती.

"आज सुरू झालं तिचं," गीता म्हणाली. "मी म्हटलं, अक्काच सांगतील. माझ्यापेक्षा तुमचा हक्क आहे हिच्यावर. तुम्हीच हिला आणलंत."

उत्पलाला यातलं काही कळलं नाही. "मावशी, मार्क कुठं करायचा?" तिनं विचारलं. "मम्मी म्हणते, पेन नको, तुमच्या त्या रेड पावडरनं."

रेणूनं करंडा आणला. कुंकू सुकून दगड झालं होतं. तिनं पाण्याचा थेंब टाकून ते बोटानं मऊ केलं. "आजच्या दिवसावर," ती म्हणाली. "रक्त दिसलं त्याच दिवसावर. न्हाल्यावर नाही, उद्या नाही. आज. आणि मोठा लाव."

उत्पलानं जीभ बाहेर काढून, मन लावून, आजच्या तारखेवर बोट दाबलं. "आता?"

"आता उद्या दुसरा दिवस."

पोरगी आईबरोबर गेली. कॅलेंडर वाळेपर्यंत म्हणून रेणूच्या घरीच राहिलं. तिनं ते खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि सवयीनं तिचं बोट त्या ठिपक्यापासून पुढं सरकायला लागलं. दोन, तीन, चार. आठवा दिवस गुरुवार येत होता. गुरुवारी हे घरी असतील ना, असं तिच्या मनात आलं. पुढच्या खोलीत युवराज एका यंत्राचा स्क्रू काढत होता, त्याचा आवाज येत होता. तो आता तीसही दिवस घरीच असतो.